फळीचें टोंक खोल कां जातें?

(लहान रंधायंत्रावर काम करणारांसाठीं एक पाठ)

सहा फूट लांबीचें एक मेज करावयाचें आहे असें समजा. सुतारानें सागाच्या पांच फळ्या मोजून बरोबर सहा सहा फुटांच्या कापिल्या, रंधायंत्रांतून काढिल्या, आणि कडेस कड लावून सरसानें जोडिल्या. सरस वाळल्यावर त्यानें मेजावर हात फिरविला. मध्यभागीं तें कांचेसारखें गुळगुळीत लागलें. परंतु टोंकाकडे नेतांच हात खालीं उतरला. एका फळीचें टोंक अधिक खोल गेलें होतें, दुसरीचें कमी. म्हणून शेवटल्या दोन-तीन इंचांत प्रत्येक सांधा पायरीसारखा झाला होता. आतां त्यास दोनच मार्ग राहिले. एक, सगळें मेज त्या खोल टोंकांच्या मापास येईपर्यंत पुन्हां रंधावें, म्हणजे जाडी जाते. दुसरा, दोहों बाजूंनीं तीन तीन इंच कापून टाकावे, म्हणजे सहा फुटांचे साडेपांच फूट उरतात. बारा भागांपैकीं एक भाग लाकूड वायां गेलें, आणि गिऱ्हाइकास कबूल केलेलें मापही गेलें.

हा दोष रंधायंत्र वापरणाऱ्या बहुतेकांस ठाऊक आहे. इंग्रजी बोलणारे सुतार ह्यास 'स्नाईप' म्हणतात. आपण त्यास टोंकाचा खळगा म्हणूं. पुष्कळांस वाटतें कीं, यंत्रच वाईट आहे, त्यास उपाय नाहीं. हें खरें नव्हे. खळगा कां पडतो हें ज्यास समजलें, त्यास तो बहुतांशीं टाळितां येतो. कोणी म्हणेल, "आमच्या घरीं हातरंधाच आहे, आम्हांस ह्या पाठाचा काय उपयोग?" त्यास उत्तर हेंच कीं, घरच्या साध्या विजेवर चालणारीं, बांकावर ठेवण्याजोगीं लहान यंत्रें आतां खेड्यापाड्यांतही येत आहेत, आणि ज्यानें शाळेचें बाक करण्यासाठीं आपलें लाकूड दुसऱ्याच्या यंत्रावर रंधावयास दिलें, त्यासही काय पाहून घ्यावें हें कळलें पाहिजे.

१. यंत्राचें काम

रंधायंत्राची रचना साधी आहे. खालीं सपाट लोखंडी बैठक असते. तिच्यावरून फळी सरकते. वर, चार खांबांवर खालींवर होणारा माथा असतो. माथ्यांत मधोमध पात्यांचा गोल दांडा वेगानें फिरतो, आणि त्याच्या एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस एक असे दोन रबरी रूळ असतात. पहिला रूळ फळीस दाबून आंत ओढितो, दुसरा तिला दाबून बाहेर काढितो. बैठकीच्या पुढें व मागें फळीस आधार देण्यासाठीं एकेक पाट जोडिलेला असतो.

ही युक्ति आजची नव्हे. अमेरिकेंत विल्यम वुडवर्थ ह्यास १८२८ सालीं ज्या यंत्राचें पेटंट मिळालें, त्यांत फिरणारीं पातीं आणि फळीस दाबून पुढें नेणारे रूळ ह्यांचीच जोड होती. यंत्र पुढें लहान झालें, वेगवान झालें, परंतु मूळ तत्त्व तेंच राहिलें. आजच्या एका लहान यंत्राचा हिशेब पहा. तीन पात्यांचा दांडा मिनिटास १०,००० फेरे घेतो, म्हणजे मिनिटास ३०,००० काप होतात. तेवढ्या वेळांत फळी २६ फूट, म्हणजे ३१२ इंच, पुढें सरकते. ह्यावरून प्रत्येक इंचांत सुमारें ९६ काप बसतात. इतके बारीक काप बसत असल्यामुळें मधला भाग गुळगुळीत निघतो ह्यांत नवल नाहीं. तर मग टोंकें कां बिघडतात?

२. दोषाचें कारण

फळीचा मधला भाग पात्यांखालीं असतो तेव्हां तिला दोन्ही रूळ दाबून धरितात. ती हलूं शकत नाहीं. परंतु फळी आंत शिरतांना तिला फक्त पहिला रूळ धरितो. पुढलें टोंक पात्यांपाशीं पोंचतें, पण दुसऱ्या रुळापाशीं अजून पोंचलेलें नसतें. अशा वेळीं बाहेर लोंबणारा भाग आपल्या वजनानें खालीं वांकला, तर आंतलें टोंक वर उचललें जातें. हा मुलांच्या आडव्या झोपाळ्यासारखाच खेळ आहे: एक बाजू खालीं, तर दुसरी वर. वर उचललेलें टोंक पात्यांत अधिक शिरतें आणि अधिक कापलें जातें.

बाहेर निघतांना हेंच उलट घडतें. फळीचें मागलें टोंक पहिल्या रुळाखालून सुटतें. तिला फक्त दुसरा रूळ धरितो. पुढें निघालेला लांब भाग खालीं लोंबतो, आणि मागलें टोंक पात्यांकडे उचललें जातें. म्हणूनच खळग्याची लांबी बहुधा रूळ आणि पातीं ह्यांमधल्या अंतराइतकी, म्हणजे दोन-तीन इंच, असते.

दुसरेंही एक कारण आहे. दोन्ही रूळ फळीवर टेकले असतां माथ्यावर दोहों बाजूंनीं सारखा जोर येतो. एकच रूळ टेकला असतां जोर एकाच बाजूस येतो, आणि खांबांवर माथा सैल असेल तर तो किंचित् कलतो. ह्यास्तव फळी आखूड व हलकी असली तरीही कधीं कधीं खळगा पडतो.

तात्पर्य, फळी मधें दोन हातांनीं धरिलेली असते आणि टोंकास एकाच हातानें. आतां जे उपाय सांगावयाचे ते सर्व ह्या एकाच गोष्टीवर बसविलेले आहेत.

३. उपाय

पहिला उपाय, पाट तपासावे. यंत्र बंद करून विजेची दोरी काढून ठेवावी. एक लांब, खात्रीची सरळ पट्टी बैठकीवरून दोन्ही पाटांवर आडवी ठेवावी. पाटांचीं बाहेरचीं टोंकें बैठकीच्या खालीं असतील तर खळगा पडणारच. तीं बैठकीच्या बरोबरीस, किंवा किंचित् वर, असावीं. किंचित् म्हणजे कागदाच्या दोन-चार पानांपासून फार तर एका पातळ नाण्याच्या जाडीपर्यंत. त्याहून अधिक उचलल्यास फळी मधें वांकून कापली जाईल आणि एका दोषाच्या जागीं दुसरा येईल.

दुसरा, हाताचा आधार द्यावा. फळी आंत शिरतांना तिचें बाहेरचें टोंक थोडें उचलून धरावें, म्हणजे आंतलें टोंक बैठकीस घट्ट टेकतें. दुसऱ्या रुळानें पकडलें कीं हात सैल सोडावा. मग बाजूनें फिरून पलीकडे जावें, आणि फळी निघूं लागली कीं तिचें पुढलें टोंक तसेंच थोडें उचलून धरावें. फळी पांच-सहा फुटांहून लांब असेल तर एकट्यानें हें होत नाहीं. दुसऱ्यास मदतीस घ्यावें, किंवा पाटाच्या उंचीची एक घोडी पुढें व एक मागें उभी करावी.

तिसरा, थोडें थोडें कापावें. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका वेळीं पाव सुतापेक्षां अधिक घेऊं नये, आणि शेवटचे दोन काप त्याच्याही निम्मे असावे. जितका काप जाड, तितका पात्यांचा ओढा मोठा आणि टोंक उचलण्याचें भय अधिक. उतावळा सुतार दोन फेऱ्या वांचवितो आणि फळी घालवितो.

चौथा, माथा पक्का करावा. कांहीं यंत्रांस माथा आवळण्याची कळ असते. प्रत्येक वेळीं उंची बदलल्यावर ती आवळावी व पुन्हां बदलण्यापूर्वीं सैल करावी. हें विसरणें फार सोपें आहे.

पांचवा, फळ्या एकीमागून एक घालाव्या. एकीचें टोंक दुसरीस भिडवून घातल्यास यंत्रास ती एकच लांब फळी वाटते, आणि दोन्ही रुळांखालीं लाकूड कायम राहतें. सर्वांच्या पुढें व सर्वांच्या मागें त्याच जाडीचा एकेक टाकाऊ तुकडा घालावा. मग खळगा त्या तुकड्यांस पडतो. चांगल्या फळ्या वांचतात.

सहावा, एकच किंमती फळी असेल तर तिच्या दोन्ही कडांस तिच्याच जाडीच्या पट्ट्या सरसानें चिकटवाव्या. पट्ट्या दोन्ही टोंकांस पांच-सहा इंच पुढें आलेल्या असाव्या, आणि त्यांची खालची बाजू फळीच्या खालच्या बाजूशीं समतल असावी. आतां आधीं पट्ट्या रुळांत शिरतात व शेवटीं पट्ट्याच बाहेर निघतात. खळगा त्यांच्या वांट्यास येतो. काम झाल्यावर त्या करवतीनें काढून टाकाव्या.

सातवा, आणि सर्वांत सोपा उपाय हा कीं, फळी रंधण्यापूर्वीं अखेरच्या मापास कापूं नये. दोन्हीकडे तीन-चार इंच अधिक ठेवून रंधावी, मग मापास कापावी. आमच्या मेज करणाऱ्या सुतारानें कापण्याची घाई केली नसती तर त्याचें माप गेलें नसतें. मात्र हा उपाय लाकूड खातो. म्हणून त्यावरच विसंबून पहिले सहा सोडूं नयेत.

४. दुसरे कांहीं दोष

खळगा नसतांही फळी विषम निघूं शकते. त्याचीं मुख्य कारणें थोडक्यांत सांगतों.

रंधायंत्र वांकडी फळी सरळ करीत नाहीं. तें वरची बाजू खालच्या बाजूशीं समांतर करितें, इतकेंच. वांकडी फळी रुळांच्या दाबानें तेवढ्यापुरती सपाट होते, कापली जाते, आणि बाहेर आल्यावर पुन्हां वांकडी होते. म्हणून आधीं एक बाजू हातरंध्यानें सपाट करावी, ती खालीं घालावी, आणि मगच वरची बाजू यंत्रास द्यावी. पुढें दोन्ही बाजूंनीं सारखेंच लाकूड काढावें. एकाच बाजूनें पुष्कळ काढिल्यास आंतला ओलावा एकीकडून लवकर जातो व फळी वांकते.

एक कड जाड व दुसरी पातळ निघत असेल तर सारख्या जाडीच्या दोन अरुंद पट्ट्या घ्याव्या. माथा न हलवितां एक डाव्या कडेनें व एक उजव्या कडेनें काढावी, आणि दोहोंची जाडी कॅलिपरनें मोजावी. फरक आढळल्यास माथा बैठकीशीं समांतर नाहीं असें समजून, यंत्राच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें तो बरोबर करावा.

फळीवर लांबच लांब उंच रेघ उठत असेल तर पात्यास खांचा पडला आहे. बहुधा लाकडांतला खिळा किंवा मातींतला खडा ह्यास कारण असतो. ह्यास्तव जुनें लाकूड आधीं ब्रशानें झाडून व खिळे काढूनच घालावें. तंतू उपटून पृष्ठभाग खडबडीत होत असेल तर फळीचें तोंड फिरवावें: ज्या टोंकाकडून हातरंधा मारिला असतां लाकूड गुळगुळीत निघतें, तेंच टोंक आधीं यंत्रांत घालावें. फळी अडखळत असेल तर बैठकीवर मेणबत्तीचें मेण घांसून कोरड्या फडक्यानें पुसावें, आणि रूळ साबणाच्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें स्वच्छ करावे. अडखळलेल्या जागीं पातीं एकाच ठिकाणीं फिरत राहतात आणि तेथेंही खळगा पडतो.

५. सावधगिरी

जें यंत्र लाकूड कापतें तें बोटही कापतें. यंत्राच्या आंत हात घालण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं विजेची दोरी काढावी. उपरणें, पदर, सैल बाही हीं रुळांपासून दूर बांधून ठेवावीं. हातमोजे घालूं नयेत. डोळ्यांवर चष्मा व कानांत बोळे असावे. फळीच्या बरोबर मागें उभें राहूं नये, कारण ती कधीं कधीं उलट फेंकली जाते. यंत्राच्या पुस्तकांत दिलेल्या मापाहून आखूड तुकडा, बहुधा एका फुटाहून कमी, कधींही घालूं नये. तो दोन्ही रुळांत एकदम सांपडत नाहीं व आंत उलटतो.

६. परीक्षा

सर्व जुळवून झाल्यावर चांगलें लाकूड लगेच घालूं नये. दोन-तीन फुटांचा एक साधा तुकडा घेऊन त्याच्या वरच्या बाजूवर पेन्सिलीनें इंचा-इंचावर आडव्या रेघा माराव्या, आणि अगदीं हलका काप द्यावा. टोंकांच्या रेघा गेल्या व मधल्या राहिल्या, तर खळगा अजून आहे. सर्व रेघा सारख्याच फिकट झाल्या, तर यंत्र कामास तयार आहे. ह्या परीक्षेस चार मिनिटें लागतात. बिघडलेलें मेज पुन्हां करावयास किती दिवस लागतात हें त्या सुतारास विचारावें.

प्रश्न

१. फळीचा मधला भाग सारखा कां कापला जातो, आणि टोंकें कां नाहीं?
२. खळग्याची लांबी दोन-तीन इंचच कां असते?
३. फळी आंत शिरतांना कोणतें टोंक उचलावें, आणि बाहेर निघतांना कोणतें?
४. सहा फुटांचें मेज करावयाचें असल्यास फळ्या आधीं किती लांब ठेवाव्या?
५. वांकडी फळी रंधायंत्रांतून काढिली तर ती सरळ होईल काय? कां?