हापूसचा केशरी रंग आणि रेझोनन्स

कुणकेश्वरच्या मुलांना रासायनिक बंध समजवायला हापूस हाताशीच आहे. त्याच्या गराच्या केशरी रंगात बीटा-कॅरोटीनचा मोठा वाटा असतो. या रेणूत ११ दुहेरी बंध एकाआड एक येतात. त्यांतले सैल इलेक्ट्रॉन दोनच अणूंत न अडकता साखळीभर पसरतात. मग त्यांना वरच्या पातळीवर जायला कमी ऊर्जा पुरते. निळा प्रकाश शोषला जातो, उरलेला पिवळा-केशरी आपल्याला दिसतो.

बेंझीनमध्येही इलेक्ट्रॉन असेच पसरलेले असतात. फळ्यावर दोन आकृत्या बघून मुलं विचारतात, "बाई, रेणू सारखा बदलतो का?" नाही! रेणू एकच, सहाही कार्बन-कार्बन बंध १.३९ अँगस्ट्रॉमचे. एका आकृतीत तो मावत नाही, म्हणून आपण दोन काढतो. हे आधी सांगा, मग व्याख्या द्या.