साके कशी बनते? पाणी हाही कच्चा मालच!

तुमच्या कॉस्टिंगच्या वहीत तांदूळ, डाळ, गॅस, पॅकिंग सगळं असतं. पाणी असतं का? बहुतेकांच्या नसतंच. म्हणून आज जपानच्या साकेबद्दल बोलू. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली दारू. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे कृती मागू नका!)

साकेत साधारण ८० टक्के पाणीच असतं. १८४० च्या सुमारास यामामुरा ताझाएमोन या व्यावसायिकाचे दोन कारखाने होते, एक निशिनोमियाला आणि दुसरा उओझाकीला. निशिनोमियाचा माल कायम सरस यायचा. त्याने तांदूळ सारखा केला, कारागीर बदलून पाहिले, तरी फरक तसाच. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेलं, आणि तिथलाही माल सुधारला. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, ही त्याची पद्धत मला फार आवडते. पुढे तिथल्या काही विहीरमालकांनी साकेवाल्यांना पाणी विकायचाच धंदा सुरू केला.

त्या पाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फेट चांगलं, म्हणजे बुरशी आणि यीस्टला खाद्य. लोह मात्र जवळपास नाही. साकेच्या पाण्यात लोह लिटरला ०.०२ मिलीग्रॅमच्या वर गेलेलं चालत नाही, रंग तांबूस होतो आणि चव बिघडते. म्हणजे सगळे क्षार काढून टाकलेलं पाणी सगळ्यात भारी, असं सरसकट म्हणता येत नाही. आणि तुमचा टीडीएस मीटर एकूण क्षारांचा अंदाज देतो, त्यात लोह किती ते सांगत नाही.

हिरोशिमाच्या मिउरा सेन्झाबुरोने याच भागाची पद्धत उचलली, पण त्याच्याकडचं पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचं. माल बिघडायचा. मग त्याने पाण्याला दोष देत न बसता कमी तापमानात सावकाश आंबवायची पद्धत बसवली आणि १८९८ मध्ये ती छापून सगळ्यांना दिली. यूट्यूबवरून रेसिपी उचलणाऱ्यांनी हा माणूस लक्षात ठेवा.

आता आपल्या टिटवाळ्यात या. समजा, तुम्ही इडली-डोशाचं पीठ विकता. एक दिवस नळ, एक दिवस बोअर, उन्हाळ्यात टँकर. पीठ आंबवतात जिवाणू, आणि पाण्यात क्लोरीन टाकतात तेच जिवाणू मारायला! अंगारकीला गर्दी, ऑर्डर घेतलेली आणि पीठ फुगलंच नाही, तर गिऱ्हाईकाला काय सांगणार?

या आठवड्याचा होमवर्क: तेच तांदूळ, तीच डाळ, तीन डबे. एकात नळाचं पाणी, एकात बोअरचं, एकात जारचं. तिन्ही एकाच जागी ठेवा आणि प्रत्येकाला फुगायला किती तास लागले ते तारखेसकट लिहा. बोअर वापरायचीच असेल तर आधी लॅबमधून लोह, कठीणपणा आणि जिवाणू तपासून घ्या. त्या तपासणीची पावती कॉस्टिंगच्या वहीत लावा.