परमुलखात रुळणे

पुण्यात शनिवार पेठ म्हणून जुनी वस्ती आहे. पेशव्यांचा शनिवारवाडा तिथेच आहे. जवळून मुठा नदी वाहते. नदीकाठी ओंकारेश्वराचे देऊळ आहे. पूर्वी या पेठेत वाडेच वाडे होते. एकेका वाड्यात कितीतरी बिऱ्हाडे नांदत. आता बरेचसे वाडे पडले आणि तिथे इमारती झाल्या. त्या इमारतींत पुष्कळ घरी म्हातारा-म्हातारी दोघेच असतात. मुलगा अमेरिकेत, नाहीतर मुलगी जर्मनीत. रात्री आठला फोन वाजतो. त्या वेळी न्यूयॉर्क शहरात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे एक तास पुढे करतात, म्हणून साडेदहा. "जेवलास का रे?" म्हणून आई विचारते. तो म्हणतो, "आई, आत्ता तर न्याहारी झाली!"

हे काही पुण्यातच आहे असे नाही. रत्नागिरीकडची कितीतरी माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. तुमच्याही गावचा कोणी गेला असेल, नाहीतर जायच्या तयारीत असेल.

विमानाने परदेशी पोचायला एखादा दिवस लागतो. तिथे रुळायला मात्र वर्ष वर्ष लागते. रुळणे म्हणजे काय? सकाळी उठून काय खायचे, अंगात काय घालायचे, कोणाशी बोलायचे, दुखलंखुपलं तर कोणाला सांगायचे, हे सारे ठरून जाणे. आपल्या गावी याचा विचारही करावा लागत नाही. परक्या मुलखात रोज करावा लागतो.

याबाबत दोन बायकांची हकीकत आपण पाहू. दोघींचाही पुण्याशी संबंध होता.

आनंदीबाई जोशी

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. बायकांना बायकांचे औषधपाणी मिळाले पाहिजे, आपण डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले. त्या काळी इथे त्याची पुरेशी सोय नव्हती. म्हणून १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा बरोबर नव्हता.

पण त्या अगदीच अनोळखी ठिकाणी गेल्या नाहीत. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी त्यांच्याविषयी एका मासिकात वाचले होते. त्यांनी पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे पत्रे जात-येत होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. बोटीवरून उतरवून घ्यायला हीच मावशी आली. पहिला उन्हाळा आनंदीबाई तिच्याच घरी राहिल्या. इंग्रजी त्या घरूनच शिकून गेल्या होत्या. म्हणजे जाण्याआधीच त्यांनी दोन गोष्टी जोडल्या होत्या. एक तिथली बोली, दुसरे तिथले माणूस.

पुढे त्या फिलाडेल्फिया शहरी बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. जशी जाते तशीच हिंदू म्हणून परत येईन, असे त्यांनी निघताना सांगितले होते. तो शब्द त्यांनी पाळला. नेसायला लुगडे, खायला शाकाहार. पण तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते. नऊवारी नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्या गुजराती पद्धतीने पायघोळ नेसू लागल्या. लुगडे सोडले नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. ही शहाणपणाची गोष्ट झाली.

राहायची खोली मात्र वाईट मिळाली. शेकोटीचे धुराडे नीट नव्हते. पेटवावी तर खोलीभर धूर, विझवावी तर अंग काकडते. अभ्यासाचा ताण होताच. हळूहळू प्रकृती ढासळली. तशातही त्यांनी १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टरची पदवी मिळवली. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली. पण त्या परत आल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

क्षय जंतूमुळे होतो, थंडीमुळे नव्हे. त्या काळी त्यावर औषधही नव्हते. पण धुराने आणि अपुऱ्या अन्नाने शरीर खचले की असल्या रोगाला फावते. म्हणून परदेशी गेल्यावर आधी खोली, ऊब आणि पोटभर जेवण पाहावे. बाकी सारे मग.

पार्वतीबाई आठवले

पार्वतीबाई या महर्षी कर्व्यांच्या मेहुण्या. कोकणातल्या. तरुणपणीच विधवा झाल्या. मोठ्या वयात पुण्यात येऊन शिकल्या. तुम्हीही मोठेपणीच अक्षरे शिकलात, नाही का? मग कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. वय अठ्ठेचाळीस. इंग्रजी शिकायचे होते, आणि गाठीला पैसा फार नव्हता.

मग त्यांनी काय केले? लोकांच्या घरी घरकाम केले. आपल्याकडे मान होता, तिथे हे काम कसे करू, असे म्हणत बसल्या नाहीत. कामाच्या घरात राहायला जागा मिळते आणि दिवसभर कानावर बोली पडते. १९२० साली त्या परत आल्या. पुढे 'माझी कहाणी' या पुस्तकात त्यांनी आपली हकीकत लिहिली.

यातून काय घ्यावे?

काय धरावे आणि काय सोडावे, हे ज्याला कळले तो रुळला. आपली भाषा, आपला देव, आपले सणवार धरावे. ते कोणाच्या आड येत नाहीत. पण थंडीत कोट घालायला लाजू नये. नळाचा, गाडीचा, दुकानाचा तिथला नेम शिकून घ्यावा. काम हलके म्हणून मान हलका होत नाही. आणि दुखणे लपवू नये. घरचे काळजी करतील म्हणून "सगळं बरं आहे" एवढेच सांगणारे पुष्कळ असतात. काळजी परवडते, दुखणे अंगावर काढणे परवडत नाही.

आज नोकरीला जाणाऱ्याने आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. एजंट सरकारी परवान्याचा आहे का, ते पाहावे. सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर त्याचे नाव तपासता येते.

२. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. ती नसेल तर निघू नये.

३. कोणी म्हणेल, "फिरायच्या व्हिसावर चल, नोकरी तिथे देतो." ऐकू नये. फिरायच्या व्हिसावर नोकरी करणे हा गुन्हा ठरतो.

४. करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नये. पगार किती, काम कोणते, राहणे-जेवण कोणाकडे, सुट्टी केव्हा, हे त्यात असलेच पाहिजे. समजले नाही तर जाणत्या माणसाकडून समजून घ्यावे.

५. पासपोर्ट आपल्याजवळ ठेवावा. त्याची एक नक्कल घरी ठेवून जावे. तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर खिशात असावा.

आणि घरी राहणाऱ्यांचेही एक काम आहे. फोनवर नुसते "पैसे पाठवलेस का?" असे विचारू नये. "खोलीत ऊब आहे का? काय जेवलास? तिथे तुझे कोण आहे?" हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाला त्याने एखादे नाव सांगितले, की समजावे, पोरगा रुळू लागला.

विचार करा आणि सांगा

१. आनंदीबाईंनी परदेशी जाण्याआधी कोणत्या दोन गोष्टी जोडल्या होत्या?
२. त्यांनी काय धरले आणि काय बदलले?
३. करारपत्रात कोणत्या गोष्टी असाव्या?
४. तुमच्या ओळखीचे कोणी परगावी किंवा परदेशी असेल, तर त्याला स्वतःच्या हाताने चार ओळींचे पत्र लिहा.