घर जुनें होण्यापूर्वीं

पाठ : उपदेशक १२ : १-७, २ इतिहास ३३ व ३४

आपल्या देशांत मनुष्याच्या आयुष्याचे चार भाग करण्याची जुनी रीत आहे. तिचा मूळ अर्थ कांहींही असो, लोकांच्या तोंडीं एवढाच उरला आहे कीं, आधीं संसार उरकावा, मुलें मार्गीं लावावीं, आणि मग म्हातारपणीं देवाचें नांव घ्यावें. आम्ही ख्रिस्ती झालों तरी ही समजूत पुष्कळांच्या घरांतून गेली नाहीं. तरुण मुलास बाप्तिस्म्याविषयीं किंवा प्रभुभोजनाविषयीं विचारलें, तर 'यंदा लग्न आहे, पुढच्या सुगीनंतर पाहूं' असें उत्तर येतें. आणि घरचे वडीलही त्यावर मान डोलावतात.

उपदेशकाचें पुस्तक ह्याच्या उलट शिकवितें. दुःखाचे दिवस दाराशीं येण्यापूर्वींच तरुणानें आपल्या उत्पन्नकर्त्याचें स्मरण करावें, असा त्या ज्ञानी मनुष्याचा आग्रह आहे. स्मरण हा शब्द कोणी हलका समजूं नये. जलप्रलयांत देवाला नोहाचें स्मरण झालें असें उत्पत्तीच्या आठव्या अध्यायांत आहे. तेथें देवानें नोहाला नुसतें मनांत आणिलें नाहीं. त्यानें वारा सोडला आणि पाणी ओसरूं लागलें. ज्याचें स्मरण केलें त्याच्यासाठीं उठून कांहीं करणें, हा शास्त्रांतील अर्थ आहे. आणि उठून करावयास हातपाय लागतात.

म्हणून तो ज्ञानी लागलाच एका जुन्या घराचें चित्र काढितो. घराचे राखणदार कांपूं लागतात. ते हात होत. बळकट पुरुष वांकतात, ते पाय. दळणाऱ्या बाया थोड्या राहिल्या म्हणून काम थांबवितात, ते दांत. खिडक्यांतून पाहणाऱ्या अंधुक होतात, ते डोळे. रस्त्याकडचीं दारें लागतात आणि जात्याची घरघर मंद ऐकूं येते, ते कान. बहुतेक टीकाकार असा अर्थ करितात, आणि ज्यांच्या आईनें पहांटे उठून दळलें आहे त्यांस तो फारसा समजावून सांगावयास नको. एका गोष्टीचा मात्र खुलासा केला पाहिजे. पुढें बदाम फुलतो असें म्हटलें आहे. आपल्याकडे अंगणांत रुंद पानांचें जें झाड बदाम म्हणून लावितात तें हें नव्हे. कनान देशांतील बदाम हिंवाळा सरतांना, पानें फुटण्याच्या आधींच, फिकट पांढऱ्या फुलांनीं भरून जातो, आणि दुरून पिकलेल्या डोक्यासारखा दिसतो.

ह्यांत म्हाताऱ्यांची थट्टा नाहीं. जें काम तूं म्हातारपणासाठीं राखून ठेविलेंस त्याचीं हत्यारें म्हातारपणच घेऊन जातें, एवढेंच येथें दाखविलें आहे. मग डोळ्यांस अक्षर दिसत नाहीं, आणि शेजारच्या वाडीपर्यंत चालवत नाहीं. मलाखीच्या काळीं लोक आंधळीं व लंगडीं जनावरें वेदीपाशीं आणीत, तेव्हां देवानें त्यांस विचारिलें कीं, असलें जनावर तुम्ही आपल्या अधिकाऱ्यास नेऊन द्याल तर तो प्रसन्न होईल काय? घरीं आलेल्या व्याह्यासमोर तरी आपण तसें कांहीं ठेवूं काय?

तर मग म्हाताऱ्यांस आशा नाहीं काय? आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत दिवस मावळतांना आलेल्या मजुरांसही पूर्ण मजुरी मिळाली. परंतु जे तरुण ह्या दृष्टांताची ढाल करितात त्यांनीं तो नीट वाचावा. ते मजूर सकाळीं बोलाविलें असतां 'सायंकाळीं येतों' असें म्हणाले नव्हते. त्यांस कोणीं कामावर लाविलेंच नव्हतें. तूं तर दर रविवारीं बोलावणें ऐकतोस.

उशीरां वळण्याची किंमत मनश्शे राजाच्या गोष्टींत दिसते. तो १२ वर्षांचा असतां गादीवर बसला आणि त्यानें ५५ वर्षें राज्य केलें. त्यानें आपलीं मुलें अग्नींतून चालविलीं, देवाच्या मंदिरांतसुद्धां मूर्ति ठेविली. पुढें अश्शूराच्या सरदारांनीं त्याला बेड्या घालून बाबेलास नेलें. तेथें तो फार नम्र झाला. त्यानें प्रार्थना केली व देवानें ती ऐकली. परत आल्यावर त्यानें मूर्ति शहराबाहेर टाकून दिल्या. परंतु त्याचा मुलगा आमोन गादीवर आला तेव्हां त्यानें काय केलें? बापानें केलेल्या त्याच मूर्तींपुढें त्यानें यज्ञ केले. बापाच्या आधींच्या आयुष्याचा कित्ता त्यानें गिरविला; बापाचें नम्र होणें त्यानें घेतलें नाहीं. दोन वर्षांतच त्याच्या चाकरांनीं त्याला ठार मारिलें. बंधूंनो, म्हातारपणीं परत आलेल्या बापाला देव घेतो. पण तोंवर हातचा गेलेला मुलगा त्या बापाबरोबर परत येईलच असें नाहीं.

आमोनाचा मुलगा योशीया ८ व्या वर्षीं राजा झाला. सुमारें १६ व्या वर्षीं तो देवाला शोधूं लागला, २० व्या वर्षीं त्यानें देश शुद्ध करण्यास आरंभ केला, आणि २६ व्या वर्षीं मंदिराची दुरुस्ती चालू असतां नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला. ३९ व्या वर्षीं तो लढाईंत घायाळ होऊन मेला. त्याच्या डोक्यावर बदाम फुललाच नाहीं.

आपल्या मराठी मंडळींतील बाबा पदमनजी ह्यांचा जन्म १८३१ चा. १८५४ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि १८५७ सालीं त्यांचें 'यमुनापर्यटन' निघालें. ते १९०६ सालीं वारले. तरुणपणीं दिलेलें आयुष्य म्हणून मंडळीस पन्नास वर्षें मिळालें.

उपदेशक बंधूंनीं हा धडा दोन रविवारीं घ्यावा. घराचें चित्र मंडळींतील एखाद्या वृद्ध मनुष्याकडून सांगवावें. तो आपले कांपणारे हात पुढें करील तें तरुण विसरणार नाहींत. दुसऱ्या रविवारीं आजा, बाप व नातू ह्या तिघांच्या गोष्टी एकाच बैठकींत वाचाव्या, आणि ज्यांचा बाप्तिस्मा सुगीवर लोटला आहे त्यांच्या घरीं त्याच आठवड्यांत जाऊन यावें.