पहिला नंबर गेला, तो परत कसा आणायचा?



आपल्या शाळेच्या कपाटावर खो-खोची ढाल आहे. ती जिंकणाऱ्या ताया हायस्कूलला गेल्या आणि गेली दोन वर्षं आपण केंद्रातच हरलो. म्हणून बाई म्हणाल्या, "आधी पहिला असलेला आणि मग मागे पडलेला एखादा संघ शोध आणि त्याची माहिती लिही." मी ऑस्ट्रेलियाच्या महिला हॉकी संघाची निवडली. वर्षं बाईंनी तपासून दिली आहेत.

या संघाला तिकडे हॉकीरूज म्हणतात. हॉकी आणि कांगारू मिळून ते नाव झालं. १९८८ साली सोल ऑलिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पण १९९२ ला बार्सिलोनात पाचवा नंबर आला. चारच वर्षांत!

१९९३ मध्ये रिक चार्ल्सवर्थ हे प्रशिक्षक झाले. ते डॉक्टर होते, स्वतः ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळलेले होते आणि दहा वर्षं खासदारही होते. एका माणसाला एवढं सगळं कधी जमलं कोण जाणे. ते सराव फार कडक घ्यायचे. कुणाचीच जागा पक्की नसायची. मग १९९४ आणि १९९८ चा विश्वचषक, १९९६ आणि २००० चं ऑलिम्पिक सुवर्ण, सगळं त्यांच्याच संघानं नेलं. सिडनीच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ३-१ असं हरवलं. रेशेल हॉक्स या खेळाडूकडे तर १९८८, १९९६ आणि २००० अशी तीन सुवर्णपदकं आहेत.

२००० नंतर चार्ल्सवर्थ गेले, जुन्या खेळाडूही थांबल्या. मग ऑलिम्पिकमध्ये २००४ ला पाचवा, २००८ ला पाचवा, २०१२ ला पाचवा आणि २०१६ ला सहावा नंबर. मध्ये दोनदा विश्वचषकात रौप्यपदक मिळालं, म्हणजे अगदीच वाईट खेळत नव्हत्या. पण ऑलिम्पिकचं पदक काही येईना.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. संघातल्या वातावरणाबद्दल खेळाडूंच्या तक्रारी आल्या, म्हणून बाहेरच्या लोकांकडून चौकशी केली. २०२१ मध्ये अहवाल आला, की संघातलं वातावरण बिघडलेलं आहे, ते खेळाडूंच्या मनाला चांगलं नाही आणि त्यानं जिंकणंही होणार नाही. म्हणजे पळायला, मारायला त्या कमी नव्हत्या. आतच काहीतरी दुखत होतं. रॅचेल लिंच ही तेव्हा त्यांची गोलरक्षक होती. ती नर्सही होती आणि करोनात तिनं ते काम केलं. २०१९ ची जगातली उत्तम गोलरक्षक ठरूनही तिला संघातून काढलं होतं. तिनं दाद मागितली आणि तिला परत घेतलं.

त्याच वर्षी कॅटरिना पॉवेल प्रशिक्षक झाल्या. त्या १९९६ आणि २००० च्या संघात स्वतः खेळल्या होत्या. टोकियोत त्यांचा संघ गटातले पाचही सामने जिंकला, पाच सामन्यांत फक्त एक गोल खाल्ला. आणि मग २ ऑगस्ट २०२१ ला उपांत्यपूर्व सामन्यात समोर कोण आलं? आपला भारत! गुरजीत कौरनं पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, गोलात सविता पुनियानं एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. १-० नं आपण जिंकलो. मी तेव्हा अंगणवाडीत होते, मला काही आठवत नाही. आता मोबाईलवर बघितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पण त्या बायांचंही थोडं वाईट वाटलं.

२०२२ च्या विश्वचषकात त्यांनी जर्मनीला २-१ हरवून कांस्यपदक मिळवलं. २०२४ ला पॅरिसमध्ये मात्र चीनकडून ३-२ नं हरल्या. म्हणजे संघ मोडायला थोडा वेळ लागतो, पण उभा करायला लई वर्षं लागतात.

हे लिहिताना मला आपला खो-खो आठवला. आपल्यात कुणी लवकर बाद झालं की बाकीच्या ओरडतात. मी पण ओरडते. दिवाळीच्या आधी तिसरीतल्या एका मुलीनं चुकून उलट्या दिशेला पाऊल टाकलं आणि मी तिला सगळ्यांसमोर "तू येऊच नको" म्हणाले. ती खरंच यायची थांबली. तिच्याएवढं जोरात पळणारं तिसरीत दुसरं कुणी नाही. जूनमध्ये आम्ही चौथीच्या सगळ्या जाणार, मग संघात राहणार कोण?

रविवारी मी तिच्या घरी गेले. ती धाकट्या भावाला घेऊन ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "मी येते, पण याला कोण बघणार?"

मावशी, तुम्ही आज शाळेत आला असाल आणि हे वाचत असाल तर सांगते. सराव फक्त पाऊण तास असतो. बाळाला पण घेऊन येऊ दे, आम्ही पाळीपाळीनं सांभाळू. साडेपाचला दोघांना घरी आणून सोडू.

(इयत्ता चौथी)