सिप्रोफ्लॉक्सासिन: गोळी स्वस्त, चुकीची जोडी महाग

लघवीच्या जंतुसंसर्गासारख्या दुखण्यांवर डॉक्टर अनेकदा सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून देतात. 500 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांची स्ट्रिप साधारण 40 ते 50 रुपयांना मिळते, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. दिवसाला दोन गोळ्या असतील, तर पाच दिवस एका स्ट्रिपमध्ये भागतात. खरा खर्च वाढतो तो घरात आधीपासून चालू असलेल्या औषधांशी या गोळीचं पटलं नाही तर. ते टाळायला लागणारा पैसा मात्र थोडा आहे.

बिनखर्चाचं काम: वेळ पाळा

कॅल्शियम, लोह, झिंक आणि अॅसिडिटीची जेल-गोळी (मॅग्नेशियम-अॅल्युमिनियम असलेली) पोटात सिप्रोफ्लॉक्सासिनला बांधून ठेवतात. मग औषध रक्तात पुरेसं पोचत नाही आणि जंतू टिकून राहतात. अशा वेळी कोर्स वाया जातो, पुन्हा डॉक्टरांची फी भरावी लागते आणि बहुधा महागडं अँटिबायोटिक घ्यावं लागतं.

नियम सोपा आहे: यातलं काहीही घेण्याच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यावं. गोळी सकाळी 8 आणि रात्री 8 वाजता असेल, तर कॅल्शियम आणि लोहासाठी दुपारी 12 ते 2 ही वेळ सोयीची. गोळी पाण्याबरोबर घ्या. नुसतं दूध, दही किंवा ताक यांच्याबरोबर घेऊ नका. या दिवसांत चहा-कॉफीही कमी करा. कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे धडधड होते आणि झोप लागत नाही.

थोडा खर्च करा, पण कराच

*मधुमेहाच्या गोळ्या:* ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असेल, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. ग्लुकोमीटरची एक पट्टी साधारण 15 ते 25 रुपयांना पडते. साखर किती वेळा तपासायची ते डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच तपासा आणि साखर खा.

*रक्त पातळ करणारी औषधं:* वॉर्फरिन किंवा अॅसिनोकुमारॉल घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) तपासणीला खासगी लॅबमध्ये साधारण 200 ते 500 रुपये लागतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून तपासण्या मोफत आहेत. ही तपासणी तिथे होते का, ते आधी विचारून घ्या.

ही जोडी नकोच

पाठदुखी-मानदुखीसाठी दिली जाणारी टिझानिडिन सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर कधीही घेऊ नये. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरतो, गुंगी येते. दम्याची थिओफिलिन असलेली गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू करू नका. थिओफिलिनचं रक्तातलं प्रमाण वाढून फेफरं येऊ शकतं. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांना स्नायुबंध तुटण्याचा धोका अधिक. टाचेजवळ दुखू लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर तेही आधीच सांगा.

इथे पैसे वाचवा

अँटिबायोटिकबरोबर बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेण्याची आपल्याकडे सवय आहे. तिच्यात अनेकदा झिंक असतं, म्हणजे पैसे देऊन औषधाचा परिणाम कमी करून घ्यायचा. चिठ्ठीत असेल तर वेळ विचारा. चिठ्ठीत नसेल तर केमिस्टने पुढे केली तरी घेऊ नका. अॅसिडिटीसाठी गरज पडलीच, तर अँटिबायोटिकला न बांधणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुकानात जाण्याआधी

घरातल्या सगळ्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहा. आयुर्वेदिक भस्मं आणि टॉनिकंही त्यात धरा. तो कागद डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनाही दाखवा. नेहमीचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. औषधाचा त्रास झाला तर 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवता येतो. आणि उरलेल्या दोन गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका: त्याच्या घरात कोणती औषधं चालू आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसतं.