तापात धावण्याचा धोका

हाती नकाशा व होकायंत्र घेऊन, अनोळखी जंगलातील ठरावीक खुणा शोधत वेगाने धावण्याचा एक खेळ स्वीडनमध्ये अत्यंत लोकप्रिय आहे. ओरिएंटियरिंग हे त्याचे नाव. मराठीत त्याला सुटसुटीत शब्द अद्याप रुळलेला नाही. १९७९ ते १९९२ या काळात हा खेळ खेळणारे १६ तरुण स्वीडिश खेळाडू हृदयक्रिया अकस्मात बंद पडून मृत्यू पावले. त्यांत १५ पुरुष व १ स्त्री होती. यांपैकी ७ मृत्यू १९८९ ते १९९२ या अल्पावधीत घडले. उत्तम शरीरसंपदेच्या तरुणांचे असे मृत्यू पाहून तेथील क्रीडाक्षेत्र हादरून गेले.

मृतांच्या हृदयाच्या सूक्ष्म तपासणीत अपेक्षेपेक्षा अधिक जणांच्या हृदयस्नायूला दाह झाल्याचे आढळून आले. एकाला क्लॅमिडिया न्यूमोनी या जंतूचा संसर्ग झालेला होता. तथापि हा संसर्ग या खेळाडूंत इतरांहून अधिक असल्याचे दिसले नाही. पुढे बार्टोनेला या जंतूवरही संशय घेण्यात आला. गुन्हेगार कोण, याचा निर्विवाद निकाल मात्र लागला नाही.

तरीही उपाययोजना निकालासाठी थांबली नाही, ही या प्रकरणातील विशेष मोलाची गोष्ट होय. अव्वल खेळाडूंचा सराव व स्पर्धा काही काळ स्थगित करण्यात आल्या आणि आजारातही सराव न चुकविण्याची वृत्ती बदलण्याचे प्रयत्न झाले. त्यानंतरच्या साडेतीन वर्षांत या तरुण खेळाडूंत असा एकही मृत्यू घडला नाही. याचे श्रेय नेमके कोणत्या उपायाला, हे सांगणे कठीण आहे. पण विश्रांतीला खर्च पडत नाही, हेही खरे.

संसर्गात श्रम का घातक ठरतात? कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांना सक्तीने पोहावयास लावले असता त्यांच्या हृदयातील विषाणूंची वाढ बळावली व अधिक उंदीर दगावले, असे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. शिवाय, दाह झालेल्या स्नायूतून विजेचे संदेश नीट वाहत नाहीत. अशा वेळी तीव्र श्रमाने ठोक्यांची लय बिघडून हृदय क्षणात निकामी होऊ शकते. पूर्वसूचना मिळेलच असे नाही.

म्हणून केवळ नाक वाहत असेल तर हलका व्यायाम सहसा चालतो. परंतु ताप, अंगदुखी, छातीतील खोकला वा कमालीचा थकवा असताना धावणे वर्ज्य समजावे. शिक्षकांनी व मार्गदर्शकांनी अशा विद्यार्थ्याला आळशी ठरवू नये. आजारानंतर छातीत दुखणे, धडधड, नेहमीच्या श्रमानेही धाप लागणे किंवा भोवळ येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडून हृदयाचा विद्युत आलेख काढून घ्यावा. हृदयस्नायूच्या दाहाचे निदान झाल्यास सामान्यतः तीन ते सहा महिने स्पर्धांपासून दूर राहावे लागते, आणि मैदानावर परतण्यापूर्वी हृदयाची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते.